चुलीपुढचं बोलणं

भाकर करपल्याचा वास आला की मला मंठ्याजवळच्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. वडिलांना ऐकू येणं कधीच बंद झालं होतं. कामाचं असेल ते आई त्यांना खुणेनं सांगायची आणि मनातलं चुलीपुढे मोठ्यानं बोलून मोकळी व्हायची. त्या सुट्टीत मी वडिलांच्या फोनमधली एक सोय चालू करून दिली. कुणीही बोललं की ते पडद्यावर अक्षरांत उमटायचं. फोन मांडीवर घेऊन ते चुलीजवळ बसले. आईला वाटलं, बातम्या बघताहेत. भाकर थापत ती रोजच्यासारखी सुरू झाली, "कापूस येचू येचू हात मोडले माझे. ह्या माणसानं एकदा तरी इचारलं का, दुखून राह्यले का म्हणून?" वडिलांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "लय दुखून राह्यले का?" आई दचकली. तव्यावरची भाकर धुरायला लागली, तरी तिला उलटायचं सुचेना. "मंग! इतके साल चुलीलाच सांगत व्हते," ती फोनकडे बघून म्हणाली. करपलेली भाकर वडिलांनी आपल्या ताटात घेतली. आता दोघं रोज भांडतात, आणि भांडता भांडता फोनची बॅटरी संपत आली, तर चार्जर आणायला आईच आधी उठते.