जाड काट्यांचं घड्याळ

बाबा खाडीत छातीभर पाण्यात उभे असलेले सापडले, त्या दिवसापासून मी घड्याळाच्या मागे लागले.

तोंडवलीला आमच्या घरामागे खाडी आहे. बाबांनी जन्मभर मासेमारी केली. होडी विकल्यावर सुकतीच्या वेळी, म्हणजे ओहोटीला, वाळूतले मुळे, म्हणजे शिंपले, काढायला जाणं एवढंच उरलं होतं. तिथी मोजून पाणी कधी उतरणार, कधी चढणार ते तोंडी सांगायचे. पण दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग धरत चालला होता आणि घड्याळ वाचता येत नव्हतं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. त्यांना वाटलं दहा वाजलेत, वाजले होते साडेबारा. भरती लागली, किनारा कुठल्या अंगाला ते कळेना, आणि ते उलटे खोल पाण्याकडे चालत गेले. जाळं टाकायला आलेल्या दोघांनी त्यांना होडीत ओढून घेतलं.

डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, गेलेलं परत येणार नाही. उरलेलं किती टिकेल, तेही सांगता येत नाही.

मी बोलणारं घड्याळ आणलं. बटण दाबलं की एक बाई मोठ्यानं वेळ सांगायची. दोन दिवसांनी ते तांदळाच्या डब्यात सापडलं.

"ह्या बाईक आधी गप कर," बाबा म्हणाले. "माका दिसणा नाय, ता सगळ्या गावाक कळता. माझा जुना घड्याळ खंय आसा?"

जुनं घड्याळ कपाटात होतं. जाड स्टीलचं, वजनदार. तीस वर्षं त्यांनी ते होडीवर वापरलं होतं. खाऱ्या पाण्यानं आतलं मशीन गंजून त्याचा एक गोळा झाला होता, पण बाहेरची केस शाबूत होती. मी ठरवलं, केस हीच ठेवायची. आत नवं मशीन, पांढरी डायल आणि जमतील तेवढे जाड काळे काटे घालायचे.

मी कसालच्या एका लॅबमध्ये दातांच्या टोप्या आणि कवळ्या बनवते. चिमटा, भिंग, बारीक कानस हे सगळं माझ्या रोजच्या हातातलं. म्हणून वाटलं, जमेल. सुटे भाग ऑनलाइन मागवले आणि एका शनिवारी मालवणच्या बाजारात घड्याळवाल्या चाचांकडे गेले. चाचांचं दुकान जवळजवळ बंदच होतं. हात इतके थरथरायचे की चहाची बशी टेबलावर ठेवूनच प्यायचे.

"माझे हात गेले," ते म्हणाले. "डोळे बरे आसत. तुझे हात आणि माझे डोळे, बघूया काय जाता ता."

काहीच जमेना. नवं मशीन जुन्या केसमध्ये सैल पडलं. डायलच्या मागचे दोन बारीक पाय मशीनच्या भोकांत बसत नव्हते. वेळ लावायची चावी दुसऱ्या कोनात असणाऱ्या घड्याळासाठी ती डायल केलेली होती, हे मला मागवताना समजलंच नव्हतं. काच केसपेक्षा थोडी मोठी निघाली, आणि मी दाबून बसवायला गेले तशी कडेला तडकली. पुन्हा मागवली. घाटात दरड आली म्हणून पार्सल अडकलं. मी रोज जेवणाच्या सुट्टीत कसालच्या कुरियर ऑफिसात जाऊन उभी राहायचे. काउंटरवरचा माणूस मला बघूनच मान हलवायचा.

तोवर घरी दुसरंच चाललं होतं. बाबांना काय दिसतं ते कळावं म्हणून मी पुठ्ठ्यावर घड्याळं काढून दर रविवारी त्यांच्यासमोर धरायचे. पहिल्या रविवारी त्यांनी आकडे वाचले. तिसऱ्या रविवारी आकडे गेले, नुसत्या रेघा उरल्या. पाचव्या रविवारी रेघा दुप्पट जाड कराव्या लागल्या. दुसऱ्यांदा मागवलेली, मोठ्या आकड्यांची डायल आली तेव्हा ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट केली आणि म्हणाले, "काय तरी पांढरा आसा."

मी मागच्या पडवीत जाऊन रडले. त्यांचे डोळे माझ्या पार्सलांपेक्षा वेगानं चालले होते. मी जे मागवायचे ते हातात येईपर्यंत निकामी झालेलं असायचं. लॅबमध्ये माझ्याकडून एका बाईच्या दाताची टोपी बिघडली, मालक बोलले. मी ऐकून घेतलं आणि मनात हिशेब केला की नवे काटे आज मुंबईहून निघाले असतील.

शेवटी कोरी पांढरी डायल मागवली. तिच्या मागचे पाय कापून टाकले आणि चाचांनी दाखवल्याप्रमाणे दोन्हीकडून चिकटणाऱ्या बारीक टिकल्यांवर ती मशीनला चिकटवली. आकडे नाहीत, बारा ठिकाणी काळ्या रंगाचे जाड पट्टे, ते मी हातानं ओढले. मशीन घट्ट बसवायला कडं हवं होतं, ते कुठेच मिळेना. मग लॅबमध्ये कवळीच्या हिरड्या ज्याच्या करतात त्या गुलाबी मसाल्याचं कडं मी स्वतः ओतलं. चाचा भिंगातून बघत राहायचे.

"अजून उंच आसा. मशीन उंच बसला तर चावी वाकडी जातली. घास."

मी घासायचे. पुन्हा लावून बघायचे. पुन्हा घासायचे. चार शनिवार त्यातच गेले.

चावीचा दांडा मापात कापायचा राहिला होता. चाचा म्हणाले, थोडा थोडा काप, दर वेळी लावून बघ. त्या सकाळी बाबा दारात उंबऱ्याला अडखळून पडले होते. गुडघा फुटला होता. मी तशीच बस धरून आले होते, आणि मला ते घड्याळ आजच हवं होतं. मी एकदम कापला. तो आखूड झाला. चावी मशीनपर्यंत पोचेना. दुसरा दांडा नव्हता.

मी चिमटा फेकून दिला. तो भिंतीवर आपटला.

"तू डोळ्यांचो राग घड्याळावर काढतंस," चाचा म्हणाले. आवाज चढवला नाही. "घड्याळ झाला म्हणान बापाशीचे डोळे रवतले काय?"

"नाही राहणार," मी म्हटलं. "ठाऊक आहे मला. म्हणूनच तर घाई आहे. त्यांना थोडे दिवस तरी मिळू देत."

चाचांनी खालच्या खणातून गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी काढली. थरथरत्या हातांनी ती माझ्यासमोर उपडी केली. तांदळाच्या दाण्याहून लहान अशा कितीतरी वस्तू टेबलावर पसरल्या. त्यात दांडा लांब करायचा जोड होता. आम्ही दोघांनी मिळून तो शोधला, अर्धा तास लागला. मी तो फिरवून बसवला. चावी आत गेली, काटे फिरले.

घरी जाऊन मी बाबांच्या हातात घड्याळ दिलं. त्यांनी अंगठ्यानं केस चाचपली, पट्टा बांधला. मग मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, बराच वेळ बघत राहिले.

"साडेपाच," ते म्हणाले.

सहा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. दोन्ही काटे सारखेच जाड होते, आणि कुठला लहान तेच त्यांना कळत नव्हतं.

मी नुसतं "हं" म्हटलं. त्यांच्या ते लक्षात आलं. घड्याळ काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं. "चुकलंय मा? सांग गो."

सोमवारी मी रजा टाकली आणि पुन्हा मालवण गाठलं. काटे उपटताना मिनिटकाटा वाकला. तो काचेवर ठेवून नखानं सरळ केला. तासकाटा निम्म्यानं कापून टाकला. बेढब, ठेंगणा तुकडा राहिला. चाचांनी तो बघितला आणि म्हणाले, "चांगलो दिसूक नको, नुसतो दिसूक होयो."

रात्री घरी बाबांनी वेळ बरोबर सांगितली. नऊ वाजून वीस. मी त्यांना पुन्हा विचारलं, पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते चिडले, "माका काय शाळेत घातलंस?"

चार महिने त्यांनी ते घड्याळ वाचलं. खाडीवर मात्र मी त्यांना एकटं जाऊ दिलं नाही, त्यावरून आमची भांडणं झाली. पण सुकतीची वेळ तेच सांगायचे आणि सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर पाण्यात उतरायचे. बाहेर जाळी शिवणारे पुरुष मुद्दाम हाक मारून त्यांना वेळ विचारायचे. बाबा मान तिरकी करायचे आणि सावकाश उत्तर द्यायचे. कोणी घाई करायचं नाही.

मग एका सकाळी मी भाकऱ्या थापत असताना ते चुलीपाशी येऊन बसले. म्हणाले, "कालपासून काटे दिसणत नाय."

मी हात धुतले. अजून जाड करता येतील, डायल काळी आणि काटे पांढरे करून बघू, मी भराभर सांगू लागले. त्यांनी हात पुढे केला, माझं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.

"पुरे गो बाय. लय केलंस."

तव्यावरची भाकरी करपली. मी ती काढली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला कुठेही पोचायचं नव्हतं, आणि त्या सुटकेची मला लाज वाटली. बाबा माझं मनगट धरून तसेच बसले होते.