दुसऱ्या मजल्यावरचं टेबल

नाशिकच्या आमच्या कचेरीत अपंग मुलांच्या अर्जांचं टेबल दुसऱ्या मजल्यावर होतं. ही अक्कल कुणाची ते विचारू नका. कारकून मीच होतो. चांदवडकडची एक बाई पोलिओ झालेल्या लेकीला पाठुंगळी घेऊन दर सोमवारी चढायची आणि साहेब पुढचा सोमवार सांगायचे.

एका सोमवारी ती गावातल्या आणखी चार आया, त्यांची मुलं घेऊन आली आणि खालच्या पायरीवरच बसली. मी म्हणालो, "बाई, वर चला."

ती तंबाखू मळत म्हणाली, "साहेबाचे पाय धड हायेत ना? मग त्याला खाली धाडा."

निरोप द्यायची माझी छाती झाली नाही. पण दुपारी साहेबांना भूक लागली. जेवायला जायची वाट त्या पाच मुलांमधूनच होती. पाचही सह्या पायरीवर झाल्या.

तोवर मी समजत होतो, सरकारी जिना फक्त वर जातो.