उंचीला बालवाडी, हाताला चौथी

भवानी पेठेत माझ्या वह्या-पेनांच्या दुकानाला लागून एक शिंपी बसतात. त्यांना सगळे मास्तरच म्हणतात. शाळेचे गणवेश शिवून शिवून त्यांना माणसं इयत्तेतच दिसतात. मला ते "पोटाला कॉलेज" म्हणतात.

एकदा चहा पिताना मी त्यांना मोबाईलवर एका ठेंगण्या माणसाचं चित्र दाखवलं. दूरच्या एका बेटावर फार पूर्वी साडेतीन फुटी माणसं राहत होती, आता नुसती हाडं सापडतात.

"आजारानं खुरटली असतील," मी म्हणालो.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून थेट मोबाईलवर धरली.

"उंचीला बालवाडी, हाताला चौथी. खुरटलेला न्हाय अण्णा, मापच येगळं हाय."

आठवडाभर आमची वादावादी चालली. मी काहीही म्हणालो तरी त्यांचं एकच, "माप बगा की." शेवटी त्यांनी उरलेल्या कापडातून त्या मापाचा शर्ट शिवला आणि दारात टांगला.

परवा एका बाईंना तो आवडला. "आमच्या लेकराला होईल की. बाह्या तेवढ्या कमी करून द्या."

"जमायचं न्हाय. लेकराचा न्हाय त्यो, बाप्याचा हाय."

बाई निघून गेल्या. मी वैतागलो. "मास्तर, आलेलं गिऱ्हाईक घालवलंत. तो बेटावरचा कुठं येणाराय घालायला?"

मास्तरांनी शर्ट काढून उलटा केला. शाळेच्या शर्टाला कधीच नसतो तो आतला खिसा त्याला होता.

"संसारी माणसाला लागतोच की," ते म्हणाले.