दाजींच्या दमाची रांग

दाजी गेले त्याला पाच आठवडे झाले. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ताईचा फोन आला. "तुझे दाजी गेले रे... ऑक्सिजनची मशीन आत्ता मीच बंद केली," एवढंच म्हणाली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी सरकारी, नकाशे काढण्याची. पण इंदुरात ओळख शिट्टीवाले म्हणून. त्यांच्याकडे दोनशे चौदा नग होते. मातीच्या चिमण्या, पंचांच्या शिट्ट्या, बोटभर बासऱ्या, देपालपूरच्या बाजारातल्या पिपाण्या, आणि त्यांच्या आजोबांनी महूच्या पलटणीत वाजवलेला पितळी बिगुल. वाजवून पाहिल्याशिवाय त्यांनी एकही घेतली नाही. खजराण्याच्या देवळाबाहेर एकदा दुकानदार वैतागला, "भिया, लेना है के खाली बजाना है?" दाजी म्हणाले, "दोनों," आणि आणखी तीन वाजवल्या. ताई चार पावलं लांब उभी राहून मला म्हणाली, "मी नाही हं ओळखत ह्यांना."

तीन वर्षांपूर्वी त्यांना दम लागू लागला. फुप्फुसं आकसत चालली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. गेल्या वर्षी ते आठ दिवस दवाखान्यात होते, तेव्हा घराची किल्ली माझ्याकडे होती. बैठकीतल्या लांब फळीवर सगळ्या शिट्ट्या एका रांगेत, पण कशाचा कशाला मेळ नाही. प्लास्टिकशेजारी पितळ, पितळेशेजारी माती. मी कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मला ते बघवेना. शनिवार-रविवार बसून माती, लाकूड, प्लास्टिक, धातू असे गट पाडले, उंचीप्रमाणे लावले, एक ते दोनशे चौदा आकड्यांचे स्टिकर चिकटवले, वहीत यादी केली. दाजी घरी येऊन खूश होतील, अशी माझी खात्री होती.

ते आले, फळीसमोर बराच वेळ उभे राहिले. "मेहनत खूप केलीस," म्हणाले, आणि आत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी ताईने मला फोनवर झाडलं. "काय करून ठेवलंस हे? ती रांग त्यांच्या दमाची होती!" डावीकडे सगळ्यात हलकी, जराशा फुंकेने वाजणारी, उजवीकडे सगळ्यात जड. रोज सकाळी ते डावीकडून वाजवत जायचे आणि जिथे आवाज निघेनासा होई तिथे एक टाचणी खोचायचे. डॉक्टरांच्या रिपोर्टपेक्षा त्यांचा भरवसा त्या टाचणीवर होता. आपण आज कुठवर आहोत, हे त्यांना तिच्यावरून कळायचं. मी ते पुसून टाकलं होतं.

रविवारी गेलो. "दाजी, मी परत लावून देतो."

"कैसे लगाओगे साहब? दम तर माझा आहे." आणि हसले.

मग आम्ही दर रविवारी बसू लागलो. मी शिट्ट्या पुसून हातात द्यायचो, ते दोन-दोन वाजवून हलकी कुठली ते सांगायचे, मी फळीवर ठेवायचो. एका बैठकीत सहा-सात, जास्त नाही. "हे तुमच्या स्टोअरच्या कुठल्या रजिस्टरात बसतं?" असं मला चिडवायचे. त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही... दिला असता तर बरं वाटलं असतं.

एकसष्टपर्यंत पोचलो. त्या रविवारी उरलेल्यांपैकी एकही वाजेना. मी एकेक देत गेलो, ते एकेक परत करत गेले. शेवटी म्हणाले, "बस भिया. रांग इतकीच होती."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर ताई म्हणाली, बाकीच्या तू लाव, तेवढं पूर्ण होऊ दे. गेल्या रविवारी बसलो. एकशे त्रेपन्न शिट्ट्या एकेक करून वाजवल्या. सगळ्या वाजल्या. कुठली हलकी, कुठली जड, काही कळेना. माझ्या छातीला सगळ्या सारख्याच.

ताईने स्वयंपाकघरातून विचारलं, "लागल्या का?"

"नाही लागत," मी म्हणालो. स्टिकर तेवढे नखाने काढले आणि शिट्ट्या एका टोपलीत भरून ठेवल्या. एकसष्टच्या पुढची फळी रिकामीच आहे. ती तशीच राहू द्यायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.