मूळ तारखेला हात लावायचा नाही

विद्याताई परब यांची आणि माझी पहिली भेट परळच्या आमच्या ऑफिसात, माझ्या मुलाखतीच्या वेळी झाली. वेबसाइट बनवण्याचा अनुभव मी ऐसपैस सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याच कोडकडे बोट दाखवून विचारलं, "हे फंक्शन पुन्हा चालवलं तर उत्तर तेच येईल ना?" मला सांगता येईना. तरीही त्यांनी मला घेतलं. का, ते विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

ताई फणसवाडीहून बसने येतात आणि चहा येईपर्यंत ऑफिसच्या ग्रुपवर कोडचा एखादा छोटा तुकडा टाकतात. कुठेही उचलून वापरता येईल असा. सोबत एखादी सूचना असते: एका फंक्शनला एकच काम द्या, घरी जाण्याआधी उद्याची पहिली पायरी लिहून ठेवा. पण त्यांचा खरा कटाक्ष असतो तो हाती आलेली माहिती न बदलण्यावर. प्रत घ्यायची आणि त्या प्रतीवर काम करायचं. पाठीमागे आम्ही त्यांना 'झेरॉक्सताई' म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे.

मीनल गायकवाड मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीला लागल्या होत्या, अजून कायम झाल्या नव्हत्या. डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आठवण करून देणारा संदेश त्यांनी तयार केला. तारखेतून एक दिवस वजा करताना प्रत घ्यायची राहिली, मूळ तारीखच अलीकडे सरकली आणि आदल्या दिवशी पहाटे गेलेल्या संदेशात तीच पडली. लालबागच्या हळदणकर आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एक दिवस आधीच उपाशीपोटी जाऊन बसल्या आणि तशाच परत आल्या.

मालक भडकले. "त्या बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगा."

"साहेब, तो कोड मी तपासून पास केलाय," ताई म्हणाल्या. "काढायचं तर आधी मला काढा." आवाज जराही चढला नव्हता. मालक तसेच केबिनमध्ये परतले.

संध्याकाळी ताई मीनलना घेऊन आजींच्या घरी गेल्या आणि दोघींनी माफी मागितली. आजी करवादल्या, "दीसभर उपाशी ठेवलास माका. आता च्या घेतल्याशिवाय जाव नकात." दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला ताई स्वतः आजींच्या सोबत थांबल्या. त्याच आठवड्यात ग्रुपवर आलेला तुकडा मीनलच्या नावाने होता: तारखेची प्रत घेऊन नवी तारीख देणारा. तो आम्ही सगळे आजही वापरतो, आणि मीनल कायम झाल्या.

साठी पूर्ण करून ताई आता निवृत्त होत आहेत. कोड आम्ही लिहू, तपासूही. पण एखाद्याच्या हातून चूक झाली की मालकांसमोर त्याच्या शेजारी आता आम्हालाच उभं राहावं लागेल, आणि खरं सांगायचं तर मला त्याची धास्ती वाटते. ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आम्हाला ते जमतंय की नाही, हे त्यांनी पुढची कैक वर्षं बघत राहावं.