पहिली उचलायची कोण?

मंडळी, मी सांगतीय अन् नात रेश्मा तोंड फुगवून टाइप करतीय.

ती आमच्या वाळूजच्या कॉलनीची कबड्डी कप्तान. संघ दरसाल हरतो. औंदा हरला तर कप्तानी जाणार. सकाळी खेळाडू वाटताना पहिली निवड आमची होती. मी म्हणलं, "बाई, आधी पकड करणारी घे."

"आजी, तू गप बस." तिनं चढाईवाली पूजा उचलली.

पूजानं दोन गुण आणले अन् बाद झाली. समोरची एखादी बाद झाल्याबिगर तिला परत जाता येईना, अन् आमच्यात दुसरी चढाईवाली नव्हती, पकड तर कुणालाच येईना. बसली माझ्याशेजारी शेंगा खात.

"आजी, मी आत कधी जाणार?"

"तुला जिवंत करणारी घेतलीच नाय, बाई."

हरलो. मी सांगून थकले. पुढच्या साली पहिली कोण घ्यावी, हे नव्या कप्तानाला तुम्हीच सांगता का?