बिनकामाच्या नद्या

मंडळी, आज सकाळी नात पुस्तक आपटून म्हणाली, "आबा, दक्षिण अमेरिकेच्या नद्या मले कायले पाठ करा लागतात?"

मला हसू आलं. साठच्या दशकात, पुसदच्या शाळेत शिकताना, मीही बाबांना हेच विचारलं होतं. आमच्या घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. बाबा दुसऱ्याच्या वावरात राबायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती.

अंबाडीचा दोर वळता वळता ते म्हणाले, "कामाचं तं आपल्याले साऱ्या गावानं शिकवलं. मेलं ढोर ओढ, सरपण फोड. बिनकामाचं कोणी शिकवलं काय? ते त्यायनं आपल्या लेकरायसाठी ठेवलं. तू तेच शिक. अन् मलेही सांग."

मग रोज मी धडा वाचायचो आणि ते दोर वळत ऐकायचे. पुढं कापूस वेचताना सोबतच्या बायांना ऐटीत विचारायचे, "सांगा बरं, अमेझॉन कोण्या समुद्राले मिळते?" स्वतः त्यांनी पैनगंगेपलीकडची नदी कधी पाहिली नाही.

नातीनं हे सगळं ऐकलं. मग तिनं पुस्तक उचललं.

तुमच्या घरात बिनकामाचं शिकणारं पहिलं माणूस कोण होतं?